हात कुणाचा लागला?

नव्वदचे दशक संपत आले होते. त्या वर्षीच्या खंडेनवमीला दुपारी रोह्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कंपनीत टाकीतून वायू सुटला. एक माणूस दगावला. तो त्या कंपनीचा कामगार नव्हता. पेण आणि रोहा या दोन गावांत तो संगणकांचे कीबोर्ड आणि माऊस दुरुस्त करायचा.

मी तेव्हा पेणला एका दैनिकाचा वार्ताहर होतो. बातमी मीच पाठवली. ती आतल्या पानावर छापून आली. तिच्यात त्याचा उल्लेख ‘खासगी तंत्रज्ञ’ असा होता. उरलेले इथे लिहितो.

कुठल्याही कचेरीत शिरला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे.

“हात कुणाचा लागला?”

नमस्कार वगैरे नंतर. लोकांना या प्रश्नाचा राग यायचा. आमच्या कार्यालयात बातम्या संगणकावर घेणारे एक काका होते, ते दर वेळी उसळत. “कुणाचा लागणार? मी एकटाच तर बसतो इथं!”

“मग तुमचाच लागला,” असे म्हणून तो टेबलावर जुने वर्तमानपत्र पसरी आणि कीबोर्ड उलटा धरून त्याच्या पाठीवर थापा मारी. लहान मुलाला ढेकर यावी म्हणून मारतात तशा, हलक्या. कागदावर चिवडा पडे, एखादी टाचणी पडे, तपकीर पडे.

“काका, ह्यो चिवडा कोण खातं हो?”

काका तपकिरीची डबी खिशात सरकवत.

बहुतेक बिघाड यंत्राने केलेला नसतो, असे त्याचे मत होते. कुणीतरी चांगल्या हेतूने काहीतरी पुसलेले, हलवलेले किंवा झाकलेले असते. पेणजवळच्या जोहे गावी गणपतीच्या एका कारखान्यात संगणक आला होता. तिथला कीबोर्ड आठवड्यात बंद पडला. धूळ बसू नये म्हणून मालकाच्या आईने त्याच्यावर ओले फडके टाकून ठेवले होते. शाडूच्या मूर्तीवर टाकतात तसे. मालक आईवर ओरडायला लागला तेव्हा याने त्यालाच गप्प केले.

“आई, तुमचा गणपती मातीचा हाय,” तो म्हाताऱ्या बाईंना म्हणाला. “ह्याला पाण्याचं वावडं. ह्याला सुका फडका घाला.”

“मंग तसं सांगावं ना रं कुनीतरी,” म्हातारी म्हणाली. पुढे त्या कारखान्यात कीबोर्डावर सुके फडके असे आणि फडक्यावर एक फूल.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. त्याला यायला उशीर झाला की चिडचिड होते आणि तो आला की अर्धे काम झाल्यासारखे वाटते. हा ठेंगणा, काळासावळा, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघणारा. खाडीकडच्या गावचा, मिठागरात राबणाऱ्या घरातला. मुंबईत रेडिओदुरुस्ती शिकून परत आला होता. घरी बायको आणि आई, शिवाय लग्न होऊन सासरी गेलेली एक धाकटी बहीण. बहिणीवर त्याचा फार जीव. तिच्या नवऱ्याला रोह्याच्या त्या कंपनीत यानेच चिकटवले. कंपनीच्या साहेबांच्या संगणकाचे काम याच्याकडे असल्यामुळे शब्द टाकता आला. बहीण तेव्हा म्हणाली होती, “दादा, तुज्या भरवशावर धाडत्ये त्यांना तिकडं. गॅसचं काम हाय.”

“मी जातो-येतो ना गो तिकडं. बघीन,” तो म्हणाला होता. हे त्यानेच मला सांगितले.

बिनवायरचे कीबोर्ड आणि माऊस आमच्या भागात आले तेव्हा तो हरखला. पहिला माऊस रोह्याशेजारच्या अष्टमी गावातल्या एका डॉक्टरांनी आणला. तो चालेना म्हणून याला बोलावले, मीही बरोबर गेलो होतो. याने ‘हात कुणाचा लागला’ विचारले, सेल काढून पुन्हा घातले, माऊसच्या पोटाखालचे बटण दाबले, संगणकाला जोडलेल्या डबीवरचे बटण दाबले. बाण हलेना. मग त्याने टेबलावर बोटाने टकटक केली. टेबल लोखंडी होते आणि डबी मॉनिटरच्या मागे कोंबलेली होती. त्याने डबी पुढे घेतली आणि तिच्याखाली लाकडी पाटी ठेवली. बाण पळायला लागला.

तपासून घ्यायला आलेली एक म्हातारी हे बघत होती. “उंदराची शेपूट कुनी कापली गं बाय?” तिने नर्सला विचारले.

“आजी, शेपटीला लोक अडखळत होते,” हा म्हणाला. “आता त्याचा आवाज हवेतनं जातो. आपल्या रेडिओवाणी.”

“आनि दुसऱ्याच्या घरात गेला तर?”

डॉक्टर हसले. तो हसला नाही. परत येताना कुंडलिका नदीच्या पुलावर तो मला म्हणाला, “म्हातारी बरोबर बोलली. ह्यात दोनच वाटा असतात. पोटाखाली खटका असतो, एक नाहीतर दोन. शेजारच्याचा खटका पण त्याच आकड्यावर असला, तर तू इथं दाबणार आणि तिथं उमटणार.”

त्याच वर्षी पावसाळ्यात कंपनीच्या साहेबांनी मुंबईहून बिनवायरचे दोन संच आणले. एक त्यांच्या टेबलासाठी. दुसरा खाली कंट्रोल रूमसाठी, कारण तिथल्या वायरी उंदीर कुरतडत होते. साहेबांची केबिन माळ्यावर होती, जमीन फळ्यांची. टेबलाच्या बरोबर खाली कंट्रोल रूमचे टेबल. तिथल्या पडद्यावर टाक्यांचे तापमान दिसे. ते वाढले की भोंगा वाजे. कामगाराने बघितले, की तो कीबोर्डावर एंटर दाबून भोंगा बंद करी आणि थंड पाण्याचा पंप सुरू करायला जाई. त्या टेबलावर पहिल्या शिफ्टला याच्या बहिणीचा नवरा बसे.

“साहेब, खालच्याला वायरच ठेवा,” हा म्हणाला.

“आणि उंदीर तुम्ही खाणार?” साहेब म्हणाले. जमलेले लोक हसले.

मग त्याने वरचा खटका एकवर ठेवला, खालचा दोनवर. स्वतः वर बसून बडवत राहिला. खालून मेव्हणा ओरडत होता, “काय नाय आलं, दादा! अजून काय नाय!” याने वरच्या संचाच्या पोटाला पांढरी चिकटपट्टी लावली, खालच्याच्या पोटाला लाल. सगळ्यांना दाखवून सांगितले की, लाल खाली, पांढरी वर. पुढचे दोन-तीन महिने रोह्याला गेला की तो आधी त्या कंपनीत जाई, दोन्ही कीबोर्ड उलटे करून बघे आणि मग चहा घेई. मेव्हणा त्याला चिडवी, “काय दादा, आज कुठला रंग?”

खंडेनवमीला सकाळी आमच्या कार्यालयात पूजा झाली. दुपारी तो आमच्या कीबोर्डाच्या फटींतून झेंडूच्या पाकळ्या चिमट्याने काढत बसला होता. आमचा नंबर त्याने गिऱ्हाइकांना दिलेला असे. फोन आला. कंपनीतल्या टेलिफोन ऑपरेटर बाई होत्या. त्यांचा आवाज मोठा, समोर बसून मला ऐकू येत होता.

“बोला ताई. हात कुणाचा लागला?”

“अहो, कुणाचा नाय! पूजा झाल्यापासून साहेबांचा कीबोर्ड मेलाय. नवे सेल घातले तरी नाय. साहेब नुसते एंटर बडवतायत मघापासून.”

“पूजा कुठं झाली?”

“खाली शेडमधी. पाने, हातोडे, सगळी हत्यारं एका टेबलावर मांडली होती. दोन्ही कीबोर्ड पण.”

“खालचा पण?”

“व्हय. दर साली त्याला जागेवरच कुंकू लावायचे. औंदा वायर नाय, तर उचलून नेता आला. छान दिसत होते हो झेंडूत.”

त्याने चिमटा खाली ठेवला. “साहेबांच्या बोर्डाला पट्टी कुठली हाय? उलटा करून बघा.”

बाई गेल्या आणि परत आल्या. “पट्टीच नाय. शिपायानं काल सगळं रॉकेलनं पुसून चकाचक केलंय. पूजेला असलं चिकट कशाला म्हणून.”

“खालचा चालतो का?”

“तुमचे भावोजी मघाशी म्हणत होते, त्यांचा पण मेलाय. सेल गेले असतील.”

तो उभा राहिला. “ताई, साहेबांना सांगा, बोर्डाला हात लावू नका. आतले सेल काढून टाका. आत्ताच्या आत्ता. आणि मला खाली जोडून द्या.”

मध्ये घंटी वाजत राहिली. “उचलत नाय कुणी. टाकीकडं गेले असतील.”

“साहेबांना पहिलं सांगा.”

“सांगते. पण चिडतील हो. तुम्हीच या ना पटकन.”

त्याने फोन ठेवला. “बोर्ड अदलाबदल झाले,” तो मला म्हणाला. “साहेब वर एंटर मारतोय आणि खाली भोंगा बंद होतोय. पत्रकार, तू फोन लावत राहा.” त्याची स्कूटर खाली उभी होती. पिशवी तो आमच्या टेबलावरच विसरला.

मी फोन लावत राहिलो. बराच वेळ लाइन व्यस्त होती. लागला तेव्हा बाई म्हणाल्या, “सांगितलं मी.” त्यानंतर लागला तेव्हा कुणी उचलला नाही.

पुढचे मी रोह्याला जाऊन लोकांकडून गोळा केले. मेव्हण्याच्या जबानीत आहे की, भोंगा दोनदा वाजल्यासारखा झाला आणि लगेच गप्प झाला. सकाळपासून पूजेच्या आनंदात कामगार भोंगा वाजवत होते, म्हणून त्याला ते तसेच काहीतरी वाटले. पडदा न बघता तो नेहमीच्या फेरीला टाक्यांकडे गेला. गेटवरचा पहारेकरी म्हणाला की, हा पास न घेता आत पळाला. पहारेकरी मागे धावला. याने आधी कंट्रोल रूमच्या दारातून आत बघितले, तिथे कुणी नव्हते. मग तो टाक्यांच्या दिशेने वळला आणि “भावोजी, भायेर या!” असे ओरडत गेला. पहारेकऱ्याला वास आला म्हणून तो थांबला. हा थांबला नाही.

मेव्हणा टाक्यांच्या पलीकडच्या जिन्यावर होता. हाक ऐकून तो पलीकडच्या बाजूने खाली उतरला आणि कुंपणाकडे पळाला. वारा त्या दिवशी गेटाच्या बाजूला होता. हा त्या बाजूने येत होता.

त्याला रोह्याच्या दवाखान्यात नेले आणि तिथून अलिबागला. वाटेतच तो गेला. दसऱ्याच्या दिवशी सकाळी खाडीकडच्या गावात त्याला अग्नी दिला.

चौकशीत टेलिफोन ऑपरेटर बाईंनी सांगितले की निरोप साहेबांना दिला होता. साहेबांनी सांगितले की, ‘तो माणूस येतो आहे’ एवढाच निरोप मिळाला. शिपायाने सांगितले की, पुसायचे काम त्याला दिले होते आणि ते त्याने नीट केले. दोन्ही कीबोर्ड ताब्यात घेतले गेले. साहेबांच्या टेबलावरच्या कीबोर्डाचा खटका दोनवर होता. कंट्रोल रूममधल्याचा एकवर.

दिवाळीनंतर मेव्हणा त्याच कंपनीत, पहिल्या शिफ्टला, पुन्हा रुजू झाला. त्या दिवशी त्याची बायको त्याच्याबरोबर गेटापर्यंत आली होती. शिफ्ट सुटेपर्यंत ती समोरच्या चहाच्या टपरीवर बसून होती.