अर्थिंगचा कागद

मी जात्याच संशयी. ब्रह्मपुरीजवळच्या आमच्या गावात घर बांधलं, तेव्हा गावातल्या वायरमनला मी दारातूनच परत पाठवलं. वीस वर्षं तो गावभर फिटिंग करत होता, पण वायरमनचं परमिट त्याच्याकडे नव्हतं. शिवाय सायकलला कायम तारेचं भेंडोळं लटकलेलं. रानडुकरांसाठी धानाच्या बांधावर करंट सोडणाऱ्यांना तार हाच पुरवत असणार, असं मी परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

मी शहरातला लायसन्सवाला ठेकेदार गाठला. तो स्वतः कधी फिरकला नाही. दोन माणसं आली, भिंती फोडून वायरी टाकून गेली. मागून टेस्ट रिपोर्ट आला. त्यावर अर्थिंगचा आकडा, सही, गोल शिक्का. मीटर बसलं. त्या कागदाचा मात्र मला कसलाच संशय आला नाही.

उन्हाळ्यात कूलर लागला. आमच्याकडच्या बायका कूलरमध्ये पाणी भरायच्या आधी त्याच्या पत्र्याला उलटा हात लावून बघतात. करंट असला तर हात चिकटत नाही, झटकला जातो. एके दिवशी आईचा हात झटकला गेला. मी घरी नव्हतो. तिने त्याच वायरमनला बोलावलं.

मी आलो तर हा मीटरखाली उकिडवा बसलेला, हातात दोन वायरी जोडलेला बल्ब.

"कोनाले इचारून हात लावला?" मी आवाज चढवला.

"बाईनं बोलावलं, भाऊ. हे पाहा."

त्याने एक वायर फेजला लावली, दुसरी अर्थिंगच्या तारेला. अर्थिंग खरं असेल तर बल्ब पेटतो. बल्ब पेटला नाही. गड्याने मुद्दाम उडालेला बल्ब आणला असेल, म्हणून मी घरातला काढून दिला. तोही पेटला नाही. मग त्याने अर्थिंगची तार नुसती ओढली. वीतभर मातीतून ती सरळ हातात आली. खाली काहीच नव्हतं.

आई रोज ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून पाणी भरत होती.

त्याने दिवसभर खपून खड्डा खणला, पाइप गाडला, मीठ-कोळसा भरला. बल्ब लख्ख पेटला.

"माहं नाव कोनाले सांगू नका, भाऊ," जाताना तो म्हणाला. "परमिटच्या परीक्षेचा फॉर्म भरला हाय. केस झाली तर तेही जाईल." मी कबूल केलं.

आठवड्याने वीज कार्यालयाचे साहेब मीटर तपासायला आले. वायरमन तेव्हा ओट्यावर आईने दिलेला चहा पीत होता.

"अर्थिंग झकास आहे. कोणी केलं?"

मी ठेकेदाराचं नाव सांगितलं. शब्द पाळला, अशी मनाची समजूत घातली.

"मग गावातली सगळी कामं आता त्यालाच देत जा," साहेब म्हणाले. "बिनापरमिटवाल्यांना घरात घेऊ नका."

लाज वाटली, तरी मी हो म्हणालो. वायरमनने अर्धा चहा तसाच ठेवला आणि सायकल काढली.