जुनी दुखापत: नाही

आमच्या इस्पितळात गुडघ्याच्या झिजेवरच्या एका नव्या इंजेक्शनचा अभ्यास सुरू होता आणि पेशंटांचे फॉर्म भरणं हे माझं काम होतं. वय, वजन, कळ कुठल्या गुडघ्यात जास्त, मांडी घालता येते का, असे बरेच प्रश्न. त्यातला एक होता, 'गुडघ्याला पूर्वी कधी मार लागला होता का?' उत्तर 'हो' आलं की तो पेशंट बाद. मार लागलेला गुडघा वेगळ्या तऱ्हेनं झिजतो, त्याचा हिशेब इतरांबरोबर मांडता येत नाही, असं डॉक्टरबाईंनी आम्हाला समजावलं होतं.

गेल्या हिवाळ्यात मी माझ्या थोरल्या बहिणीला बोलावून घेतलं. तिचा उजवा गुडघा इतका सुजायचा की पाय खाली टेकवत नसे. सगळं केलं होतं, गुण नव्हता. दाजी तिला घेऊन आले आणि फॉर्म भरताना शेजारच्या खुर्चीवर बसून राहिले.

मी तो प्रश्न वाचला. ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाही."

मला खरं ठाऊक होतं.

तेव्हा मी दहा वर्षांची होते. आम्ही विद्यानगरला राहायचो, ताई कॉलेजच्या संघातून कबड्डी खेळायची. एका सामन्यात चढाई करून परतताना एकीनं तिचा पाय धरला आणि दुसरी अंगावर पडली. गुडघ्यात काहीतरी तुटल्याचा आवाज आला, असं ताई रडत सांगत होती. आप्पांनी तिला अफझलगंजच्या एका हाड बसवणाऱ्या पहिलवानाकडे नेलं. त्यानं तेल चोळून करकचून पट्टी बांधली. "फिकर नक्को करो, बच्ची दौडेगी," म्हणाला.

सूज उतरली. पण चालता चालता गुडघा मध्येच निसटायचा आणि ताई जे हाताला लागेल ते धरायची. चार महिन्यांनी दाजींकडची मंडळी बघायला आली. आईनं ताईला आधीच सतरंजीवर बसवून ठेवलं आणि पोह्यांच्या बशा माझ्या हाती दिल्या. "मुलगी उठली नाही ती?" असं त्यांच्यातल्या एका बाईनं विचारलंच. आई म्हणाली, "धाकटीला भारी हौस!" मी आईकडे बघून हसले. पाहुणे गेल्यावर आईनं मला जवळ घेतलं. "गुडघ्याचं दाजींना कधी सांगायचं नाही हं," म्हणाली.

इतक्या वर्षांनी, पगारी नोकरीत, मी तेच केलं. 'नाही'समोर खूण केली.

आठ दिवसांनी एमआरआय आला. डॉक्टरबाईंनी ताईला, दाजींना आणि मला बसवून पडद्यावर चित्र दाखवलं. "हे लिगामेंट आहे. म्हणजे होतं. केव्हाच तुटलंय. त्यामुळे सांधा सैल राहिला आणि आतली गादी घासून संपली. इतकी वर्षं चाललात कशा?"

ताई म्हणाली, "कॉलेजात पडले होते."

"मग फॉर्मवर 'नाही' कसं?" डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं.

"मला माहीत होतं," मी म्हणाले. "खूण मी केली."

ताईचं नाव अभ्यासातून निघालं. माझं फॉर्म भरण्याचं कामही गेलं. आता मी फाइली लावते. त्याबद्दल तक्रार नाही.

बाहेर बाकावर बसून दाजींनी एमआरआयचं पाकीट मांडीवर ठेवलं. मग ताईला म्हणाले, "लग्नानंतर गोवळकोंड्याला गेलो होतो. अर्ध्या पायऱ्यांवर तू बसून घेतलंस. मी सगळ्यांसमोर तुला आळशी म्हणालो."

"हो."

"तेव्हा तरी सांगायचंस."

"तेव्हा सांगितलं असतं तर खोटारडी म्हणाला असता."

दाजींनी 'तसं म्हणालो नसतो' म्हटलं असतं तरी आम्हा तिघांपैकी कुणाचा त्यावर विश्वास बसला नसता.

मी डॉक्टरबाईंना एकटीनं गाठून विचारलं, तेव्हाच नीट उपचार झाले असते तर गुडघा वाचला असता का? "सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "काहींचे तरीही झिजतात." त्या उत्तरानं मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

उन्हाळ्यात ताईचा सांधा बदलला. जखम चिघळली, पुन्हा उघडावी लागली. गुडघा आता पुरता वाकत नाही. मी कुकटपल्लीला तिच्याकडे जाते तेव्हा ती चहा विचारते, मुलांचं सांगते. आईच्या फोटोकडे तिची पाठ असते. एकदा मी म्हणाले, "ताई, मी त्या दिवशी 'हो' लिहायला हवं होतं."

"कुठल्या दिवशी?" तिनं विचारलं आणि पाय उचलून दोन्ही हातांनी स्टुलावर ठेवला.