दादाची पत्रं नव्या कॉम्प्युटरवर

"दोन मिनिटांचं काम आहे," असं आमच्या ऑफिसातला कॉम्प्युटरवाला म्हणाला, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. दोन मिनिटांत आमच्या चाळीत संडासाला नंबरसुद्धा लागत नाही.

काम म्हणजे जुन्या कॉम्प्युटरच्या मेल प्रोग्रॅममधली दादाची पत्रं नव्या कॉम्प्युटरच्या नव्या प्रोग्रॅममध्ये न्यायची. नायगावची आमची चाळ पाडायला काढली होती. महिनाअखेर तात्पुरत्या खोलीत जायचं होतं. जुना कॉम्प्युटर चालू केला की चक्कीसारखा घरघरायचा, उचलला तर तिथेच मान टाकील अशी त्याची अवस्था. आणि तेव्हाची पद्धत अशी की पत्र एकदा कॉम्प्युटरवर उतरलं की इंटरनेटवर काही शिल्लक राहायचं नाही. जे होतं ते त्या डबड्यातच होतं.

दादा माझा थोरला भाऊ. गिरण्यांचा संप झाला तेव्हा तो कॉलेजात होता. बाबांची मिल पुन्हा उघडलीच नाही. दादाने कॉलेज सोडलं, आखातात गेला आणि वर्षाआड पाहुण्यासारखा येत राहिला. सुरुवातीला पोस्टाने पत्रं यायची. ती आई दारामागच्या तारेच्या आकड्याला टोचून ठेवायची. पुढे मी सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला आणि पत्रं मेलने यायला लागली. आईला वाचता येत नाही. मेल आला की ती आधी गॅस बंद करायची, पदराला हात पुसायची, स्टुलावर बसायची आणि म्हणायची, "वाच." तव्यावर भाकरी अर्धी कच्ची असली तरी गॅस बंद. त्या कच्च्या भाकऱ्यांवरून मी तिच्याशी किती भांडले असेन.

दादा तिकडेच गेला, झोपेत. त्या आठवड्यात आमचा फोन बंद होता. दादाच्या खोलीतल्या दोस्ताने त्याचा कॉम्प्युटर उघडला, समोर आईने माझ्याकडून लिहून घेतलेला शेवटचा मेल होता, त्यालाच उत्तर म्हणून बातमी कळवली.

आमच्याकडे वाईट बातमीचं पत्र घरात ठेवत नाहीत. वाचायचं आणि उंबऱ्याबाहेरच फाडून टाकायचं. आकड्याला तर लावायचंच नाही. आईने तेव्हा सांगितलं, "फाड ता." पण दोस्ताशी पुढचा सगळा व्यवहार व्हायचा होता, दादाला आणायचं होतं, म्हणून मी तो मेल दादाच्या फोल्डरमधून काढून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकला. तो तिथेच राहिला. त्याच्याकडे पुन्हा बघायची माझी छाती नव्हती.

आता पत्रं हलवायची म्हटल्यावर आईने एकच अट घातली. "सगळा घेवन चल. पण ता पत्र नव्या घरात येवक नको."

पहिल्यांदा केलं तर पत्रं आलीच नाहीत. नुसते पत्ते आले. माझा, दादाचा, आणि कुठल्याशा पडदेवाल्याचा, ज्याच्याकडून आम्ही कधी पडदे घेतलेच नाहीत. वर स्क्रीनवर 'सक्सेसफुल'. मी ऑफिसात त्या कॉम्प्युटरवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "ताई, तुम्ही फक्त पत्त्यांवर टिक केलं असणार." घरी येऊन मी टिक बघितली. माझ्या हाताची होती, पण मला राग त्याचाच आला.

दुसऱ्या खेपेला आगीतून फुफाट्यात. पत्रं आली, पण सगळ्यांवर आजची तारीख. फोल्डरची नावं मी हौसेने मराठीत ठेवली होती, त्यांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा. बाबांच्या आजारपणातलं पत्र भाच्याच्या मुंजीच्या पत्राच्या बोडक्यावर. आणि पुन्हा 'सक्सेसफुल'. लग्नात जेवण संपलेलं असताना पोट भरलं का विचारत फिरणाऱ्या यजमानासारखा तो प्रोग्रॅम.

आई दर थोड्या वेळाने स्वयंपाकाच्या ओट्याकडून विचारायची, "इली काय गो सगळी?"

"येतायत," मी म्हणायचे. "चालत येतायत."

फोल्डरना इंग्रजी नावं देऊन, एकेक करून, तिसऱ्यांदा केलं तेव्हा कुठे पत्रं आपापल्या तारखांनिशी आली. मी खुर्चीत मागे टेकले. आईला हाक मारली. तिने गॅस बंद केला, हात पुसले आणि बसली. म्हणाली, "शेवटचा वाच."

मी यादीतलं शेवटचं पत्र वाचलं. गरमी फार आहे, नवीन पंखा घेतला, वगैरे.

"ह्या शेवटचा न्हय," आई म्हणाली. "शेवटच्यात बोंबील होते."

मी म्हटलं, तुझ्या लक्षात नसेल. तिने कोपऱ्यातल्या डबड्याकडे बोट दाखवलं. मी जुना कॉम्प्युटर पुन्हा घरघरवला. दादाचा फोल्डर शेपटाकडून खराब झालेला. शेवटचं पत्र यादीत दिसत होतं, पण उघडायला गेलं की पांढरं पान. दहा वेळा दाबलं, दहा वेळा पांढरं. मला इतका संताप आला की उशी भिंतीवर फेकली. बाकीची सगळी पत्रं आली होती, पंख्याचं, गरमीचं, आणि हे एकच नाही. आईने उशी उचलून जागेवर ठेवली. ती रडली असती तर बरं वाटलं असतं.

मग मला तो वेगळा फोल्डर आठवला. उत्तर म्हणून पाठवलेल्या मेलखाली मागची पत्रं चिकटून येतात. मी तो मेल उघडला. वर दोस्ताच्या चार ओळी. त्याखाली आईने माझ्याकडून लिहून घेतलेलं उत्तर. त्याखाली दादा. 'आई, पायाला तेल लाव. दिवाळीला नक्की येतो. सुके बोंबील बांधून ठेव, या वेळी बॅगेत जागा ठेवली आहे.'

जे पत्र नव्या घरात यायचं नव्हतं, त्याच्याच पोटात ते होतं. आईला हे कसं सांगावं मला कळेना. शेवटी सरळच सांगितलं.

तिने पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "वरचा फाड. खालचा ठेव." आणि उठून भाकरी थापायला गेली.

मी तो मेल पुढे पाठवायला घेतला, दोस्ताच्या ओळी पुसल्या, आईचं उत्तर आणि दादाचं पत्र तेवढं ठेवलं, आणि आमच्याच पत्त्यावर पाठवून दिलं. मूळ मेल जुन्या कॉम्प्युटरवरून कायमचा काढून टाकला. वर्षानुवर्षं राहिलेलं फाडणं झालं.

तेवढ्यात नव्या कॉम्प्युटरवर टिंग वाजलं. नवीन पत्र, एक.

"कोणाचा इला गो?" आईने सवयीने आतून विचारलं.

पाठवणाऱ्याच्या जागी माझंच नाव होतं.

"दादाचं," मी म्हटलं.

"थांब," ती म्हणाली. "ग्यास बंद करतंय."

त्या दिवशीची भाकरी मी कच्चीच खाल्ली.