अप्पांची रांगेतली जागा

आमच्याकडे तमिळ मुलखात शेतीला वीज फुकट मिळते, पण तिच्यासाठी रांगेत थांबावं लागतं. मी सहावीत असताना अप्पांनी ओरत्तनाडूजवळच्या आमच्या बोअरसाठी अर्ज केला. माझी मुलगी सहावीत गेली, तरी अप्पा रांगेतच. दर सोमवारी धोतरासारखी पांढरी, इस्त्रीची वेष्टी नेसून ते वीज कार्यालयात जायचे आणि पुढे किती जण उरले ते विचारून यायचे. एखादा नंबर जरी पुढे सरकला तरी घरी पायसम व्हायचं. तोवर भाताची कमाई डिझेलचं इंजिन पिऊन टाकत होतं.

मग सौर पंपाची योजना आली. बरेचसे पैसे सरकार देणार, उरलेले आम्ही. अट एकच, विजेच्या रांगेतली जागा सोडल्याचं लिहून द्यायचं.

"वीज फुकट, ऊन फुकट. मग पैसे कशाचे?" अप्पांनी विचारलं.

"प्लेटांचे," मी म्हणाले.

"आणि माझ्या जागेचे कोण देतो?"

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. मी योजनेचा कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.

त्या वर्षी कालव्याला पाणी उशिरा आलं. रोपं पिवळी पडली आणि डिझेल परवडेना. आई म्हणाली, "रोपांस तुमचा नंबर पाजूं काय?" अप्पांनी सही केली आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पंप बसला. ऊन वर आलं की पाणी धो धो पडायचं. रोपं हिरवीगार झाली, आम्ही सगळे खूश. अप्पा मात्र सोमवारी इस्त्रीची वेष्टी नेसून ओट्यावर बसून राहायचे. मला हसू यायचं आणि फार वाईटही वाटायचं.

अप्पांच्या मागोमाग रांगेत होता तो आमचा शेतशेजारी. काही महिन्यांनी त्याला वीज मिळाली. अप्पांना तो मानानं अय्या म्हणायचा. तो संकोचत आला. "अय्या, जागा तुमची होती. स्विच तुम्हीच दाबा."

अप्पा वेष्टी सावरत गेले आणि त्यांनी स्विच दाबला. काहीच झालं नाही. करंट गेला होता.

दोघं आमच्या प्लेटांच्या सावलीत वाट बघत बसले. करंट कधी येणार, विचारलं कुणाला, तो काय म्हणाला, असं सगळं अप्पा खोदून खोदून विचारत होते. किती दिवसांनी त्यांची कळी खुलली होती. शेजारी आमच्या पंपाचं पाणी बघत होता. शेवटी त्यानं हळूच विचारलं, करंट येईपर्यंत थोडं इकडे सोडता का?

"रांगेत ये," अप्पा म्हणाले.

मग फावडं घेऊन त्यांनीच मधला बांध फोडला.