साहेबांचा एकास एक

नव्वदच्या दशकात वाशीत आमचा एक हॅम रेडिओ क्लब होता. हॅम म्हणजे लायसन्स काढून हौसेखातर वायरलेसवर जगाशी गप्पा मारणारी मंडळी. सभासद अकरा, पण किस्से शंभर! जुना किस्सा सांगून संपत नाही तोवर आमचे अध्यक्ष नवा घडवायचे.

अध्यक्ष सबनीससाहेब. परदेशी सेट, मीटिंगला ब्लेझर आणि हातात कायम एसडब्ल्यूआर मीटर. सेटमधून अँटेनाकडे पाठवलेली पॉवर किती परत आली, एवढंच तो मीटर सांगतो. सेटला पन्नास ओहम हवेत. अँटेनाचा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, तेवढाच असला की काही परत येत नाही आणि काटा 'एकास एक' दाखवतो. साहेबांची सगळी भक्ती त्या काट्यावर. काटा तीनवर गेला की तो माणूस बाद!

*

एकदा साहेबांनी गच्चीवर अँटेनाची नवी तार बांधली. प्रत्येक तारेला तिच्या लांबीप्रमाणे एक फ्रिक्वेन्सी मानवते, त्याला रेझोनन्स म्हणतात. तार लांब असली तर कापायची, आखूड असली तर जोड द्यायचा. ही मुळातच आखूड होती. साहेबांनी पक्कड काढली आणि कापत सुटले. काटा चढत गेला, साहेब कापत गेले.

"साहेब, उलटं होतंय," मी म्हणालो.

"तू पुस्तकं वाचलीयस की मी?"

दुपारी उरलेल्या तारेवर सबनीसवहिनींनी रुमाल वाळत घातले. दोनच मावले!

*

मी तुर्भ्याच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. आमच्याकडे टेस्टिंगसाठी डमी लोड असतो, म्हणजे तुपाच्या रिकाम्या डब्यात तेल आणि तेलात पन्नास ओहमचा रेझिस्टर. तो सगळी पॉवर गिळून गरम होतो, बाहेर काही म्हणता काही जात नाही. एका मीटिंगला मी तो गुपचूप सेटला जोडला.

"एकास एक! वा! कुणाची अँटेना?"

"माझी. या डब्यात आहे."

साहेबांनी डब्याचा फोटो काढला आणि क्लबच्या बुलेटिनमध्ये छापला! खाली ओळ होती, 'लहान जागेसाठी आदर्श.'

*

पुढे साहेबांनी नवी तार बांधली, पण गच्चीपर्यंत नेलेली केबल भंगारातून आणलेली. पावसाळ्यात तिच्यात पाणी शिरलं. अशी केबल पॉवर वाटेतच खाते, परत यायला काही उरतच नाही. मी बदलायला सांगितली.

"वेडा आहेस का? पावसाआधी काटा दोनवर होता. आता एक! पाणी मानवलंय तिला."

त्यानंतर साहेबांना जगात कुणी उत्तर देईना. साहेब म्हणायचे, "जगाकडे चांगले सेट राहिले नाहीत."

*

आमच्यात एकच खरा कारागीर होता, हिराजी. खाडीकाठच्या दिवाळे गावचा कोळी, माझ्याच कारखान्यात वायरमन. सेट त्याने स्वतः बनवलेला आणि अँटेना म्हणजे घराच्या मागे जाळी वाळत घालायच्या दोन बांबूंवर ताणलेली तार. साहेबांनी तिला मीटर लावला. काटा तीनवर!

"फेकून दे हे. अँटेना नाही, कपड्यांची दोरी आहे."

हिराजी हळूच म्हणाला, "साहेब, मीटर परत आलेला मोजतो. गेलेला कुटं गेला, तो कोन मोजतो?"

साहेबांनी ते मिनिट्समध्ये 'सभासदाचे अज्ञान' म्हणून लिहिलं. मी सही केली. त्याची लाज अजून वाटते.

*

हिराजीचा धाकटा भाऊ जहाजावर रेडिओ ऑफिसर, तोही हॅम. वर्षभर आईने त्याचा आवाज ऐकला नव्हता. त्याचं पत्र आलं, की अमुक रविवारी दहा ते अकरा मी हवेवर येतो, मग जहाज लांब जाणार, पुन्हा कधी जमेल सांगता येत नाही. साहेबांनी बोलून बोलून हिराजीचा स्वतःच्या तारेवरचा विश्वासच उडवला होता. तो आईला घेऊन साहेबांच्या फ्लॅटवर आला. मीही गेलो.

सोसायटीचं रंगकाम चालू होतं. वहिनींनी नाकाला पदर लावून म्हातारीला दाराजवळ स्टूल दिलं. साहेबांनी सेट लावला, काटा दाखवला. "बघा. एकास एक!"

वीस मिनिटं नुसती खरखर.

म्हातारी म्हणाली, "सायब, तुमचा मशीन तं काय बोलतच नाय."

"जहाजाचा सेट बिघडला असणार," साहेब म्हणाले.

म्हातारी उठली. "हिराजी, चल घरा. आपली तार हाय ना?"

रिक्षाने दिवाळ्याला पोचायला पावणेअकरा झाले. हिराजीने बटण फिरवलं आणि भाऊ खोलीत बोलायला लागला! तो मघापासून हिराजीलाच पुकारत होता. म्हातारीने सेटवर हात ठेवला. "जेवलास का रं?" तिने विचारलं. हिराजीने ते माईकवर सांगितलं. मला रडू आवरेना.

संध्याकाळी मी साहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं.

"अशक्य! जे माझ्या अँटेनावर आलं नाही, ते बांबूवर येईल? हे बघ." साहेबांनी सेट चालू केला. काटा एकवर, जरासुद्धा हलला नाही.

तेवढ्यात बेल वाजली. दारात रंगारी उभा होता, खांद्यावर तारेचं भलंमोठं भेंडोळं.

"साब, ऊपर का काम हो गया. ये आपका तार वापस कब बांधने का? पिछले सोमवार से हमारे पास पड़ा है."