मालिनीकाकूंचा खुनी चुकत नाही

टेक्सासमधल्या शुगर लँडच्या मराठी मंडळींत मालिनी देवस्थळींची ख्याती अशी, की त्यांचा खुनी चुकत नाही. घाबरू नका, सिनेमातला. ते जुने इटालियन सिनेमे असतात ना, काळे हातमोजे, लखलखता वस्तरा, लाल-निळ्या उजेडातले जिने आणि किंचाळणाऱ्या देखण्या बाया, त्यातला. तो मारेकरी शेवटच्या पाच मिनिटांत उघडा पडायचा असतो आणि मालिनीकाकू त्याला बटाटेवडे गार व्हायच्या आत पकडतात. बरं, पकडून गप्प बसतील तर शपथ! हाताची घडी घालून जाहीर करतात आणि पुढचा सगळा वेळ बाकीच्यांनी त्या माणसाकडे संशयाने बघत काढायचा.

हे वेड लागलं अनिलकाकांच्या भाबडेपणामुळे. अनिलकाका म्हणजे मालिनीकाकूंचे यजमान, तेल कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनिअर. लग्नानंतर दोघं टेक्सासला आले तेव्हा त्यांच्या अपार्टमेंटजवळचं व्हिडिओ कॅसेटचं दुकान बंद होत होतं. इटालियन सिनेमा म्हणजे काहीतरी थोर कलात्मक असणार, अशा समजुतीने काका पिशवीभर कॅसेटी उचलून घरी आले. पहिलीच कॅसेट लावली आणि पोह्यांची ताटली हातात घेऊन काकू टेकतायत न टेकतायत तोच पडद्यावर एका बाईचा गळा चिरला गेला. नागपूरच्या मास्तरांची मुलगी ती, तिचे डोळेच पांढरे झाले. "शी, बंद करा हो ते," म्हणाल्या. काका बिचारे उठले, बटणापर्यंत पोचले, तेव्हा मागून आवाज आला, "थांबा. पण मारलं कुणी?" त्या प्रश्नावर त्यांच्या संसाराची चाळीस वर्षं मजेत निघाली.

काकूंची नोकरीही अशी, की संशय घ्यायचेच पैसे मिळायचे. एका विमा कंपनीत त्या दावे तपासायच्या. छप्पर वादळाने उडालं की आधीच मोडलं होतं, मान खरंच आखडली की वकिलाने आखडवली, हे त्या फोनवरच्या आवाजावरून ओळखत. ज्याचं उत्तर फार पटकन येतं त्याने ते घरून आणलेलं असतं, असं त्या नवीन पोरींना शिकवायच्या. निवृत्त झाल्या तरी ती खोड काही सुटली नाही.

मग शनिवार दुपारचा दरबार सुरू झाला. बाहेर ऊन असं, की पत्रपेटीपर्यंत जाऊन यायचं म्हणजे घामाची अंघोळ. पडदे ओढायचे, एसी वाढवायचा आणि दोन गल्ल्या पलीकडचे सत्यजित आणि विनीता यायचे. सिनेमा संपला की चहावर निकाल. प्रत्येकाने दहापैकी गुण द्यायचे आणि कारण सांगायचं, नुसतं 'छान होता' चालणार नाही. सत्यजितचं ठरलेलं: लॉजिक नाही, पोलीस बावळट, ओठ एक बोलतात आणि आवाज भलतंच, तीन गुण. विनीताचा हिशोब तिच्या चहावर. दचकून चहा सांडला तर सिनेमा चांगला. तो सांडायचाच, म्हणून तिच्यासाठी सोफ्यावर जुना टॉवेल अंथरायची पद्धतच पडली होती. अनिलकाका संगीताला गुण देत.

काकूंचा न्याय वेगळा. त्या म्हणत, लॉजिक बघायचं तर गणित सोडवा की घरी! ह्या सिनेमांत खरी गंमत एकच. नायकाने पहिल्या दहा मिनिटांत सगळं बघितलेलं असतं. डोळ्यांनी बरोबर बघितलेलं असतं, डोक्याने चुकीचं लावलेलं असतं. ते जो सिनेमा झाकून ठेवतो आणि तरी फसवत नाही, तो दहापैकी नऊ. ह्यावर सत्यजितशी त्यांचं असं वाजायचं, की विनीताला मध्ये पडून चहा ओतावा लागे.

पण गेल्या काही महिन्यांपासून काकूंच्या मनात पाल चुकचुकत होती. अनिलकाकांचं काहीतरी बिनसलं होतं.

सिनेमा चालू असताना ते पडद्याकडे बघतच नसत. काकूंकडे बघत बसत. खुनी कोण विचारलं, तर "तूच सांग" म्हणून मोकळे. संगीतावर एवढं बोलणारा माणूस, आता निकालाच्या वेळी मान हलवायचा. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर त्यांनी साखर, मीठ, डाळ अशा चिठ्ठ्या चिकटवल्या. एकदा गॅस चालूच राहिला आणि पातेलं जळून कोळसा झालं, तर काका स्वतःच म्हणाले, मीच विसरलो गं. काकूंना बाजारात गाडी घेऊन जायचं म्हटलं की हेही चपला घालून तयार, किल्ली ह्यांच्याच खिशात. एकटं राहायची भीती वाटते म्हणजे काय? विसरभोळेपणा म्हणून सोडून द्यावं असं हे नव्हतं. पुढे काय होतं ते त्यांनी शेजारच्या घरात बघितलं होतं. माणूस समोर बसलेला असतो आणि आपल्याला ओळखत नाही. अनिल आपल्याला ओळखणार नाही, ह्या विचाराने त्या शॉवर चालू ठेवून रडल्या होत्या.

त्यांनी मुलीला फोन केला. ज्ञानदा रेडमंडला, सॉफ्टवेअरमध्ये. काकूंनी तिला सगळे पुरावे नीट मांडून दिले, डबे, गॅस, किल्ली. मग ज्ञानदा म्हणाली, "ओके आई," आणि नाक ओढलं. पोरीला बापाचा लळा, वाईट वाटणारच, असं काकूंनी समजून घेतलं. तेव्हापासून ती रोज फोन करून, आई, काल काय जेवलीस, कोण आलं होतं, असलं काहीबाही विचारायची. बाबांबद्दल सरळ विचारायला धीर होत नसेल. शेवटी तिनेच मेमरीच्या डॉक्टरांची वेळ घेतली, मंगळवारची. काका मुकाट तयार झाले, फक्त म्हणाले, "तू बरोबर चल." हे ऐकून तर काकूंना भडभडून आलं.

मंगळवारच्या आधीचा तो शनिवार. काकूंनी मुद्दाम नेहमीसारखाच थाट केला, माणसाला आपण आजारी आहोत असं वाटू नये म्हणून. काकांनी एक सिनेमा लावला. एक पियानो दुरुस्त करणारा तरुण ट्राममधून जाताना बघतो, पिवळ्या जिन्यावर एक बाई एका म्हाताऱ्याला ढकलतेय. म्हातारा मरतो, बाई पळते आणि सगळं शहर त्या बाईच्या मागे लागतं. नंतर एक प्रेमळ डॉक्टर येतो, पियानोवाल्याला धीर देतो, हातमोजे काढून त्याचा हात हातात घेतो. काकूंनी बटाटेवडा खाली ठेवला.

"हा डॉक्टर खुनी. आणि ती बाई ढकलत नव्हती, सावरत होती."

सत्यजित म्हणाला, कमाल आहे वहिनी तुमची. विनीताने टाळी वाजवली. काकूंना बरं वाटलं, पण थोडं खटकलंही. सत्यजित वाद न घालता मान्य करतो? हा तर ह्या सिनेमांना फुटक्या कवडीची किंमत न देणारा माणूस!

आणि मग ते झालं. पडद्यावर पियानोवाला अंधाऱ्या खोलीत शिरला. सगळं शांत. कुठे काही नाही. आणि विनीताने हातातला कप अलगद टीपॉयवर ठेवला. ठेवला, हात मांडीवर घेतला, आणि त्याच क्षणी कपाटाचं दार फाडकन उघडून प्रेत अंगावर पडलं. विनीता किंचाळली, अगदी व्यवस्थित. टॉवेल कोरडा ठणठणीत.

मालिनीकाकू तिच्याकडे बघतच राहिल्या. प्रेत पडणार हे हिला ठाऊक होतं. त्यांनी सत्यजितकडे पाहिलं, तो चष्मा पुसत होता. अनिलकाकांकडे पाहिलं, ते नेहमीप्रमाणे काकूंकडेच बघत होते. काकूंनी नजर वळवली. ह्या सगळ्यांनी हा सिनेमा आधी पाहिलेला होता.

निकालाच्या वेळी काकूंनी नऊ गुण दिले आणि आवाज चढू दिला नाही. पण आतून त्यांचा नुसता भडका उडाला होता. एवढी वर्षं दरबार भरवायचा आम्ही, वडे तळायचे आम्ही, आणि ह्यांनी आम्हालाच वगळून सिनेमा बघायचा? वर तोंडं वासून आश्चर्याची नाटकं करायची? पाहुणे गेले, दार लागलं, अजून बाहेर लख्ख ऊन होतं. काकूंनी कप धुवायला घेतले आणि मागे न वळता तोफ डागली.

"हा सिनेमा तुम्ही तिघांनी आधी बघितलाय. मला वगळून."

काका स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. म्हणाले, "तुला वगळून कसा बघेन?"

"मग विनीताला कसं कळलं कपाटातलं?"

"बघितलाय, म्हणून कळलं. तूही होतीस, मालू. तिथेच बसली होतीस, तुझ्या जागेवर. गेल्या शनिवारी. त्याच्या आधीच्याही."

काकूंना आधी हसू आलं. बिचारा, किती गोंधळ उडालाय ह्यांचा, दिवसच कळेनासे झालेत. त्या समजावायला वळल्या आणि काकांचा चेहरा बघून थांबल्या. गोंधळलेल्या माणसाचा चेहरा तसा नसतो. काकूंनी आयुष्यभर फोनवर खोटी माणसं ऐकली होती, हा माणूस खरं बोलत होता.

ओट्याला धरून त्यांनी विचारलं, गॅस कुणी चालू ठेवला होता? काका म्हणाले, तू. डब्यांवरच्या चिठ्ठ्या? तुझ्यासाठी, तू चहात मीठ घालून दोनदा मला पाजलास. आणि गाडीची किल्ली? ग्रोसरीला गेलीस ती पार केटी गावापर्यंत पोचलीस आणि रस्त्याच्या कडेला थांबून मला फोन केलास, कुठे जायचंय म्हणून. काकूंना ह्यातलं काही, काही म्हणजे काहीसुद्धा आठवत नव्हतं. मंगळवारचा डॉक्टर कुणाचा, हे त्यांनी विचारलंच नाही.

"पण तोच सिनेमा का?" काकूंनी विचारलं.

नवीन सिनेमा लावला की तुला माणसं लक्षात राहत नाहीत, काकांनी सांगितलं. हा कोण, ती कोण, विचारत राहतेस आणि मग रडतेस. एकदा चुकून हाच परत लागला आणि तू डॉक्टरला बघताक्षणी ओळखलंस. कुठून ओळखलंस देव जाणे, पण असा चेहरा खुलला होता तुझा, की बस. सत्यजितच म्हणाला, बघू की, शंभर वेळा बघू.

सत्यजित, तीन गुणवाला. काकूंना ते ऐकून हुंदका आला आणि तो त्यांनी दाबला नाही. सगळं डोळ्यांसमोर होतं. नवरा पडदा सोडून आपल्याकडे बघत होता, हे त्यांनी बरोबर बघितलं होतं. किल्ली, डबे, पोरीचं नाक ओढणं, एकही गोष्ट नजरेतून सुटली नव्हती. आणि खुनी भलताच धरला होता.

एक गोष्ट मात्र त्यांना टोचत होती. काका एकाही उत्तराला अडखळले नव्हते. इतकं अवघड बोलायचं, तरी प्रत्येक उत्तर कसं लगेच येत होतं. काकूंना त्याचा अर्थ लावावासा वाटेना.

त्यांनी डोळे पदराला पुसावे तसे हातातल्या फडक्याला पुसले, नाक शिंकरलं आणि नेहमीच्या दरबारी आवाजात म्हणाल्या, "ठीक आहे. लावा पुढच्या शनिवारी परत. पण त्या विनीताला सांगा, कप हातातच ठेव म्हणावं. चहा सांडू दे. मला कळता कामा नये."

अनिलकाका जवळ आले. त्यांनी काकूंच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि हात धरला.

"सांगितलं होतं तिला," ते म्हणाले. "मागच्या शनिवारीही तू इथेच उभी राहून हेच म्हणालीस. आज विसरली ती."

नळ तसाच चालू राहिला होता. कुणीतरी तो बंद करायला हवा होता.