पिसातली तार

"मामा, पीस असं टोचतं का तळहाताला?"

"नळी उघडलीत कशाला बाई? आता रबर बसवायला माझा अर्धा तास जाणार."

"विषय बदलू नका. देठात काय आहे?"

"तार. शिशाची. एवढीशी."

"म्हणजे मुलांना चक्क फसवता!"

"फसवतो कुठं? हवा काढून घेतली की पीस आणि नाणं बरोबरीनं पडतात, हे काय खोटं आहे?"

"खरं आहे. पण त्यासाठी हवा काढायची असते मामा, पिसात शिसं कोंबायचं नसतं!"

मामा, म्हणजे पंपमामा, शाळेच्या प्रयोगशाळेतले शिपाई. खरं नाव हजेरीपटावर तेवढं उरलेलं. आले ते बाटल्या विसळायला. पंपाच्या तेलाला हात लावायला कुणी तयार होईना, म्हणून पंप त्यांच्या गळ्यात पडला. कमरेएवढी काचेची नळी, आत एक नाणं, एक पीस. हवा उपसली की मामा दोन्ही हातांनी नळी उलटी करायचे. दोघं एकदम तळाला. टक्! "मधे हवा नसली ना, की पृथ्वी हलकं-जड बघत नाही," हे वाक्य मास्तरांनी म्हणायचं, पण मामाच म्हणून टाकायचे. बायको म्हणायची, "घरातला पंखा पुसा म्हटलं की कंबर धरते, आणि तिकडे दिवसभर हवा उपसता!"

मग एका वर्षी पंपाचा वायसर तडकला. नळीत थोडी हवा राहायला लागली. नाणं पोचायचं आणि पीस मागून रुसलेल्या जावयासारखं डुलत डुलत यायचं. वर्ग खो खो हसला. मामांनी नव्या वायसरसाठी तीन अर्ज केले. तिन्हींना एकच उत्तर: पुढच्या वर्षी बघू. चौथा अर्ज त्यांनी केला नाही. गच्चीवरून कबुतराचं नवं पीस आणलं, देठात तार सरकवली. दुसऱ्या दिवशी अकराच्या तासाला, टक्! कुणी हसलं नाही.

त्याच तासाला तिसऱ्या बाकावर दोन वेण्यांची एक मुलगी आ वासून बसली होती. घंटा झाल्यावर परत आली. "मामा, आणखी एकदा!" सात वेळा नळी उलटी करायला लावली तिनं.

ती आता याच शाळेत विज्ञान शिकवायला आली होती. आज तिचा चौथा दिवस.

"हेडमास्तरांना सांगणार?" मामांनी विचारलं.

"ते नंतर बघू." बाईंचा आवाज एकदम खाली आला. "आधी मला सांगा. त्या दिवशी घरी जाऊन मी आईला म्हटलं होतं, मी हेच शिकणार. सगळे हसले. मी म्हटलं, मी डोळ्यांनी पाहिलंय. भांडून भांडून शिकले मी, मामा. तेव्हा... तेव्हा होती का हो तार?"

मामांनी खांद्यावरचं फडकं काढलं. नळीचं उघडं तोंड पुसलं, उगाचच दोनदा. फडक्याची घडी करून पंपावर ठेवली. चपला पायात सरकवल्या आणि दार आपटू नये म्हणून हातानं धरून, हळूच ओढून घेत ते बाहेर पडले.